कलाशिक्षक व्हायचे तर पदवीच्या जोडीला काय हवे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालांच्या दिवसांत निघणाऱ्या करिअर पुरवण्यांमध्ये शाळेतला कलाशिक्षक हा पर्याय बहुधा एका ओळीत उरकला जातो : 'बी.एफ.ए. करा आणि शिक्षक व्हा.' ही ओळ अपुरी आहे. तिच्यावर विसंबलेली मुले चार वर्षांची पदवी हातात घेऊन शाळेत जातात आणि मुख्याध्यापकांच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात : प्रशिक्षित आहात का?

बी.एफ.ए., म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, ही चित्रकाराची पदवी आहे. शिक्षक म्हणून प्रशिक्षणाचा कागद वेगळा लागतो. राज्यातल्या खासगी अनुदानित शाळांमधल्या नेमणुका १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे होतात आणि तिच्यात चित्रकला शिक्षकाची अर्हता स्वतंत्रपणे दिलेली आहे. बारावीनंतरचा सर्वांना ठाऊक असलेला रस्ता म्हणजे दोन वर्षांची कला शिक्षक पदविका, ए.टी.डी. पण ज्याच्याकडे बी.एफ.ए. किंवा जी.डी. आर्ट ही शासकीय कला पदविका आहे, त्याला पुन्हा मागे जाऊन ए.टी.डी. करण्याची गरज नाही. त्याच्यासाठी कला शिक्षणातली एक वर्षाची पदविका आहे, डिप. ए.एड. हे माहीत नसल्यामुळे एक वर्ष हकनाक वाया जाते. हा अभ्यासक्रम मोजक्याच ठिकाणी चालतो. त्यामुळे राज्याच्या कला संचालनालयाच्या प्रवेश सूचनांवर पदवीच्या अंतिम वर्षाला असतानाच नजर ठेवावी. संचालनालय मुंबईतच, सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या आवारात आहे. शंका असेल तर सरळ तिथे जाऊन विचारावे. कोचिंगवाल्यांच्या पत्रकावर भिस्त ठेवू नये.

बी.ए. किंवा बी.कॉम. झालेले आणि हात चांगला असलेले अनेकजण विचारतात, आम्हाला जमेल का? जमेल, पण आडवाट नाही. ए.टी.डी.च करावी लागेल आणि तिच्यासाठी शालेय विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या शासकीय इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. शाळेत असताना मिळालेला तो कागद बहुतेकांच्या घरी कुठल्या तरी जुन्या फायलीत असतो. तो आधी शोधून ठेवावा.

दुसरा फाटा बी.एड.चा. ते २०१५पासून दोन वर्षांचे झाले असून प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो. सीबीएसई आणि आयसीएसईच्या खासगी शाळा बऱ्याचदा 'बी.एफ.ए., बी.एड.' असेच मागतात, म्हणून मुले तिकडे वळतात. इथे खाचखळगा असा की बी.एड.मध्ये अध्यापन पद्धती, म्हणजे कोणता विषय शिकवायला शिकायचे ते, निवडावी लागते आणि चित्रकलेची अध्यापन पद्धती फार थोड्या ठिकाणी मिळते. मग चित्रकलेचा पदवीधर मराठी किंवा इतिहासाची पद्धती घेतो. पुढे कागदपत्रांच्या छाननीत त्याला विचारले जाते की हा विषय तुमच्या पदवीला कुठे होता? म्हणून प्रवेश पक्का करण्यापूर्वी दोन गोष्टी महाविद्यालयाकडून लेखी घ्याव्यात : बी.एफ.ए.वर प्रवेश ग्राह्य आहे का, आणि कोणती अध्यापन पद्धती मिळेल. तोंडी 'होऊन जाईल'वर दोन वर्षे आणि फी लावू नये.

पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे. तिच्यात चित्रकलेचा विभागच नाही. सहावी ते आठवीच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकाला आहेत; बाकीचे बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. कलेचे विद्यार्थी बहुधा सामाजिक शास्त्र घेतात आणि ते योग्यच आहे, पण तयारी पाचवी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांपासून करावी.

आता वर्गाकडे येऊ, कारण खरी उणीव तिथे दिसते. चार वर्षे ईझलसमोर उभे राहिलेल्या माणसाला ३५ मिनिटांची तासिका आणि साठ मुले झेपत नाहीत. वह्या-रंग काढायला पाच मिनिटे, पाणी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायला आणखी काही, आवरायला पुन्हा पाच. रंगवायला उरतात जेमतेम वीस मिनिटे. त्यात जलरंगाचे दोन थर द्यायला सांगितले की पहिला थर वाळत नाही, पातळ कागद फुगतो आणि घंटा होते. अनुभवी शिक्षक एका तासिकेत फक्त रेखाटन आणि पुढच्या तासिकेत एकच सपाट थर असे कामाचे टप्पे पाडतो. हे कुठल्याही पेंटिंगच्या वर्गात शिकवत नाहीत. प्रशिक्षणातल्या सराव पाठांमध्ये शिकवतात.

फलकरेखाटनाचेही तसेच. वस्तुचित्रात मुले तांब्याचे तोंड लंबवर्तुळ काढतात आणि तळ सरळ रेषेत कापतात. तळ डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतो, म्हणून त्याचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक गोलसर दिसते. हे नुसते सांगून कळत नाही. फळ्यावर दोन्ही लंबवर्तुळे पूर्ण काढायची, मग तळाचा मागचा, न दिसणारा अर्धा भाग पुसायचा. मुलांची चूक त्या क्षणी सुधारते. ज्याचा खडू फळ्यावर चालत नाही, त्याचे कॅनव्हास कितीही सुंदर असोत, वर्ग त्याच्या हाती लागत नाही.

आणि भूमिती! एलिमेंटरी-इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची तयारी करून घेणे हे कलाशिक्षकाचे मोठे काम, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात आणि पालकांचे लक्ष तिथेच असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र पदवीधराला सहज येते. कर्तव्य भूमिती, घनभूमिती आणि अक्षरलेखन मात्र त्याने शाळेनंतर हातात धरलेले नसते. कंपासचे शिसे बोथट, रचनेच्या रेषा खोडरबराने पुसलेल्या, असे पेपर मुले देतात, कारण शिकवणाऱ्यालाच ठाऊक नसते की रचनेच्या रेषा २एच पेन्सिलने फिकट काढून तशाच राहू द्यायच्या असतात. शाळेत रुजू होण्याआधी जुन्या प्रश्नपत्रिकांमधला भूमितीचा भाग स्वतः सोडवून पाहावा.

पात्रता पूर्ण झाली तरी पदाची खात्री करणे उरतेच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला, पट शंभरावर असेल तर, कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, म्हटले आहे. या 'अंशकालीन' शब्दाने पूर्णवेळ कलाशिक्षकाची जागा पोखरली, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनुदानित शाळेत नेमणूक घेताना चालू वर्षाच्या संचमान्यतेत (शाळेला शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) पद आहे का, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम) तपासलेली आहे का आणि जाहिरात रीतसर निघाली होती का, हे संस्थेकडून पाहून घ्यावे. शिक्षण निरीक्षकांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ या शासकीय वेतनप्रणालीतला क्रमांक मिळाल्याशिवाय शासनाचा पगार सुरू होत नाही. 'मान्यता मागाहून येईल' या आश्वासनावर वर्षानुवर्षे संस्थेच्या तुटपुंज्या मानधनात राबणारे शिक्षक या शहरात आहेत. मान्यता मिळाली तरी माध्यमिकला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, ठरावीक मानधनावर, काढावी लागतात. २०२३पासून ते मानधन महिना १८,००० रुपये आहे. मुंबईतल्या घरभाड्यात हे कसे बसवायचे, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

शालेय शिक्षण विभाग आणि कला संचालनालय यांना आमची मागणी साधी आहे. अनुदानित शाळा, महापालिका शाळा, केंद्रीय विद्यालय आणि अन्य मंडळांच्या शाळा यांपैकी कुठे कोणती पदवी, कोणती पदविका आणि कोणती परीक्षा चालते, याचा एकच तक्ता दोघांनी मिळून मराठीत प्रसिद्ध करावा आणि दरवर्षी बी.एफ.ए.च्या प्रवेशापूर्वी तो अद्ययावत करावा. कला महाविद्यालयांनी तो पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर लावावा. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी त्या एका ओळीऐवजी हा तक्ता छापावा, ही विनंती.

आपले,
काही कलाशिक्षक, परळ-दादर, मुंबई