फ्लॅट्स घालण्यात धाडस कसलं?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत बायकांचे फ्लॅट्स, म्हणजे उथळ काठाचे सपाट बूट, घालणाऱ्या पुरुषांवर अर्धं पान मजकूर आला होता. त्यात ‘धाडसी’ हा शब्द 3 वेळा आणि ‘बायकी’ हा शब्द 2 वेळा वाचला. मी 52 वर्षांचा आहे, एका ग्रंथालयात नोकरी करतो आणि गेली 6 वर्षं रोज हेच बूट घालून कामावर जातो. हे दोन्ही शब्द मला लागले, म्हणून हे पत्र.

सुरुवात अगदी साधी होती. आमच्या वाचनकक्षाची फरशी दगडी आहे. कडक टाचेचे बूट घालून तिथून गेलं की आवाज घुमतो आणि अभ्यासाला बसलेली मुलं माना वर करतात. शिवाय दिवसातून वीसेक वेळा मला लाकडी घोडीवर चढावं लागतं. जाड तळाच्या बुटात पायरीची कड पायाला कळत नाही. एकदा वरच्या कप्प्यातून कोशाचा खंड काढताना पाय घसरला. खंड छातीशी धरला म्हणून वाचला, पण नडगी चांगलीच सोलवटली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर वाळत घातलेले कपडे काढायला जाताना दाराशी होते ते बायकोचे काळे फ्लॅट्स पायात सरकवले. एक नंबर लहान होते, टाच मागे बाहेर राहिली होती. पण उंबऱ्याची धार, पायरीची कड, खालचा खडा, सगळं तळव्याला कळत होतं. बायको म्हणाली, “अहो, आवडले असतील तर तुमच्या मापाचे आणा, माझे सैल करू नका.”

दुकानात विक्रेत्याने विचारलं, “मॅडमसाठी का, सर? मापाला जुनी चप्पल आणलीय?” माझ्यासाठी हवेत म्हटल्यावर त्याने खोका माझ्यापुढे ठेवला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. माझा पाय 25 सेंटिमीटर आहे, त्याला 40 नंबर लांबीला बरोबर बसला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उजव्या करंगळीला फोड आला.

हा बूट का चावला, ते नीट सांगायला हवं, कारण आमची खरी अडचण तिथे आहे. फ्लॅटचा पुढचा भाग जेमतेम बोटांच्या मुळांपर्यंत येतो. काठाला बारीक गोट असते, बऱ्याच जोड्यांमध्ये त्या गोटीतून इलॅस्टिकची दोरी ओवलेली असते. वर पट्टा नाही, नाडी नाही. अख्खा बूट त्या काठाच्या ताणावर आणि टाचेमागच्या कडक वाटीवर उभा असतो. त्यामुळे अर्ध्या नंबराचा फरकही चालत नाही: घट्ट झाला तर करंगळी सोलते, सैल झाला तर पाऊल टाकताना टाच निसटते. बायकांच्या बुटांचा फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, त्याच लांबीच्या पुरुषी फर्म्यापेक्षा चवड्याशी सहसा अरुंद असतो. मोठा नंबर घेऊन रुंदी मिळते, पण लांबी नको तेवढी वाढते. आमच्यासारख्यांना या दोहोंच्या मधलं काहीतरी लागतं आणि ते कोणी ठेवत नाही. शेवटी एका कारागिराने ते बूट ओले करून फर्म्यावर दोन दिवस ताणून ठेवले, तेव्हा कुठे पायात बसले. पातळ तळाने टाच दुखते, हेही खरं आहे. बुटात जाड इनसोल, म्हणजे आतली गादी, घातली तर टाच वर उचलली जाते आणि बूट पुन्हा निसटतो. मी फक्त टाचेखाली पातळ गादी चिकटवली आहे आणि लांब चालायचं असेल त्या दिवशी दुसरे बूट घालतो.

आता ‘बायकी’ या शब्दाबद्दल. आमच्याकडे चित्रकलेचा एक जुना ग्रंथ बांधणीला आला होता. त्याची पानं लावताना फ्रान्सचा राजा चौदावा लुई दिसला. रिगो या चित्रकाराचं 1701 चं चित्र आहे. राज्याभिषेकाचा झगा, पांढरे मोजे आणि पायात लाल टाचांचे बूट. त्या काळी तो सत्तेचा डौल होता. उंच टाच युरोपात आली ती इराणी घोडेस्वारांकडून, रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून ते तशी टाच वापरत. अठराव्या शतकात पुरुषांनी ती सोडली आणि ती बायकांची म्हणून ठरली. त्याच शतकात पॅरिसच्या नर्तकी मारी कामार्गो यांनी आपल्या नाचाच्या बुटांची टाच काढून टाकली, पायांची चपळाई दिसावी म्हणून. म्हणजे एकाच शतकात पुरुषाची टाच बाईकडे गेली आणि एका बाईने आपली टाच फेकून दिली. यातलं बायकी कोणतं आणि पुरुषी कोणतं, हे ज्याने त्याने ठरवावं. अगदी औपचारिक संध्याकाळच्या पोशाखात पुरुष आजही पेटंट लेदरचा, म्हणजे चकचकीत चामड्याचा, पुढे रेशमी बो लावलेला, उथळ काठाचा ‘पंप’ नावाचा बूट घालतात. तो आणि माझा फ्लॅट शेजारी ठेवले तर फरक सांगायला क्षणभर थांबावं लागेल.

नाचाचा बूट रस्त्यावर आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर निर्बंध होते, तेव्हा क्लेअर मॅकार्डेल या वेशभूषाकार बाईंनी कपेझिओ या नृत्याचे बूट बनवणाऱ्या कंपनीकडून त्या मऊ बुटांना बाहेर चालण्याजोगा तळ लावून घेतला. फ्रान्समध्ये रोझ रेपेटो यांनी आपल्या सुनेसाठी, झिझी जाँमेर या नर्तकीसाठी, एक मऊ सपाट बूट बनवला. तोच पांढऱ्या रंगात गायक सर्ज गेन्सबूर वर्षानुवर्षं घालत राहिले, तेही मोज्यांशिवाय, रोजच्या कपड्यांवर. आपल्या लेखात यांचा उल्लेख हवा होता. हे काल-परवाचं वेड आहे असा त्यात सूर होता, तो चुकीचा आहे.

मनगटी घड्याळाचंही असंच झालं. पहिल्या महायुद्धाआधी ते बायकांचा दागिना मानलं जाई. खंदकात खिशातून घड्याळ काढणं सैनिकांना अडचणीचं झालं, ते मनगटावर आलं आणि परत खिशात गेलं नाही.

‘धाडसी’ हा शब्द मला जास्त टोचतो, कारण तो कौतुकाने येतो. माझा मुलगा कॉलेजात असताना त्याच्या पदवीदानाला जायचं होतं. आदल्या रात्री तो दारात उभा राहून म्हणाला, “बाबा, उद्या ते दुसरे बूट घालाल का?” मी घातले. त्याला दोष देत नाही, त्याचे मित्र येणार होते. पण सभागृहात बसून मला सारखं वाटत होतं की मी काहीतरी लपवतो आहे, आणि लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आपण ज्याला धाडस म्हणता, त्याचा अर्थ समोरच्याला असा लागतो की हे करायला भीती वाटायला हवी. मुलाने ती भीती कुठून उचलली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. चेष्टेतून तर उचललीच असेल, पण अशा कौतुकातूनही.

आम्हाला हवं आहे ते फार साधं आहे. बूट पायाच्या मापाने विकले जावेत. आज युरोपी नंबर दोन-तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो, इंग्रजी नंबर एक-तृतीयांश इंचाने. अमेरिकी मापात त्याच लांबीला पुरुषांचा आकडा बायकांच्या आकड्यापेक्षा साधारण दीडने कमी येतो. एवढ्या गोंधळात गिऱ्हाइकाने काय मागायचं? पायाची लांबी थेट मिलिमीटरमध्ये सांगणारी मोंडोपॉइंट ही पद्धत आहेच, बर्फावरच्या स्कीच्या बुटांना ती सर्रास वापरतात. खोक्यावर लांबी आणि चवड्याची रुंदी हे दोन आकडे छापले, तर दुकानात ‘मॅडमसाठी का’ हा प्रश्न विचारायची कोणाला गरज पडणार नाही. आणि फायदा फक्त पुरुषांचा नाही. रुंद चवड्याच्या, मोठ्या पायाच्या किती बायका 41 च्या पुढे काही मिळत नाही म्हणून पुरुषांच्या कपाटाशी उभ्या असतात, ते मी त्याच दुकानात पाहिलं आहे. त्यांना कोणी धाडसी म्हणत नाही.

माझी सध्याची जोडी तपकिरी आहे, तळ दोनदा बदलून झाला आहे. हा विषय आपण पुन्हा घेतलात, तर छायाचित्रातल्या माणसाच्या बुटांची लांबी-रुंदी आणि ते कुठल्या फर्म्यावर बनले, एवढं तेवढं खाली छापा. ते कात्रण मी कारागिराला नेऊन दाखवेन.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, तो छापू नये ही विनंती.)