मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे

मेंदूविषयीचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र मज्जातंतूंना दिलेली विजेच्या तारेची उपमा खटकली. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) त्याच्या पटलातील, म्हणजे पातळ आवरणातील, सूक्ष्म दारांतून आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि ही उलथापालथ टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. म्हणूनच हा संदेश तारेतल्या संदेशाहून कितीतरी संथ असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूत त्याचा वेग मोजला, तो सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर भरला! दाढ काढताना दिलेले भुलीचे इंजेक्शन सोडियमची हीच दारे रोखते आणि वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. तारेच्या उपमेतून विद्यार्थ्यांना हे कसे उमगणार? पुढील लेखात आकृतीसह खुलासा जरूर द्यावा.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा