सुपर ग्लू चिकटला, तर हिसका देऊ नका

प्रति,
संपादक,

महोदय,

छोटी विमाने, जहाजे, बाहुल्यांची घरे, दागिने किंवा लाकडी नमुने घडवण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांच्या टेबलावर सुपर ग्लूची बाटली असतेच. जोड कसा बसवावा आणि गोंद किती लावावा हे नवशिक्याला कोणीतरी सांगते. पण तोच गोंद बोटांवर, ओठांवर किंवा पापण्यांवर गेला तर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. मग ऐनवेळी माणूस घाबरतो आणि जे करू नये नेमके तेच करतो, म्हणजे चिकटलेली बोटे हिसका देऊन वेगळी करतो. अशा वेळी गोंद सुटत नाही, कातडी सोलली जाते. ही इजा टाळता येण्यासारखी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

हा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट नावाचा द्रव. पाणी उडून गेल्यावर वाळणाऱ्या साध्या गोंदासारखे त्याचे नसते. ओलाव्याचा किंचित स्पर्श होताच त्याचे रेणू साखळीने एकमेकांना जोडले जातात आणि काही सेकंदांत द्रवाचे कडक प्लॅस्टिक बनते. अमेरिकेत १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, नेम धरण्याच्या उपकरणांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हा पदार्थ हाती आला, तेव्हा तो लागेल तिथे चिकटतो म्हणूनच बाजूला ठेवला गेला. पुढे १९५१ मध्ये हॅरी कूव्हर आणि फ्रेड जॉयनर यांच्या लक्षात त्याच चिकटपणाचे मोल आले आणि १९५८ मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. आपल्या त्वचेवर घामाचा ओलावा कायम असतो. त्यामुळे लाकडाच्या जोडापेक्षा बोटे आधी चिकटतात, यात नवल नाही.

बोटे चिकटली तर सर्वप्रथम थांबावे. गोंदाची पकड फक्त कातडीच्या अगदी वरच्या थरावर असते आणि तो थर शरीर आपणहून सतत टाकत असते. काहीही केले नाही तरी एक ते चार दिवसांत गोंद सुटतो. थांबायचे नसेल तर कोमट पाण्यात साबण घालून बोटे निवांत बुडवून ठेवावीत. काही मिनिटांनी गोंदाची कड पांढुरकी होऊन किंचित उचललेली दिसते. तिथून, बोटे समोरासमोर न ओढता, पेन्सिल बोटांत फिरवावी तशी एकमेकांवर हलकेच लाटत न्यावीत, म्हणजे जोड एका टोकाकडून उलगडत जातो. गरज वाटल्यास चमच्याचा बोथट दांडा कडेने सरकवावा. ब्लेड किंवा कटर मात्र जवळही आणू नये. खाद्यतेल किंवा पेट्रोलियम जेली चोळल्यानेही कड सुटायला मदत होते. एकाच बोटावर नुसता थर बसला असेल, तर तो भिजवून नखांच्या मऊ कानशीने हळूहळू घासावा आणि उरलेला तसाच राहू द्यावा.

ॲसिटोन हा उपाय खरा आहे, कारण त्याने घट्ट झालेला गोंद फुगतो आणि मऊ पडतो. नेलपॉलिश काढण्याच्या सगळ्याच द्रवांत मात्र ॲसिटोन नसते, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय तासभर चोळत बसण्यात अर्थ नाही. ॲसिटोन त्वचा कोरडी आणि खरखरीत करते, त्यामुळे ते थेंबाथेंबानेच वापरावे आणि नंतर हात धुऊन तेल किंवा मलम लावावे. जखमेवर, ओठांवर, डोळ्यांजवळ ते कधीही वापरू नये. छंदाच्या टेबलावर बहुधा डाख देण्याचे तापते सोल्डरिंग आयर्न, गरम तार किंवा मेणबत्तीही असते, आणि ॲसिटोनची वाफ शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. गोंद सोडवणारी तयार द्रावणेही मिळतात, पण त्यांपैकी काहींत नायट्रोमिथेनसारखी रसायने असतात आणि ती वस्तूंसाठी असतात, हातांसाठी नव्हे.

चिकटलेली बोटे त्रासदायक असली, तरी ती आणीबाणी नव्हे. आणीबाणी उद्भवते ती कपड्यामुळे, आणि त्याबद्दल फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सुती कापड, कापूस, लोकर किंवा चामडे यांवर हा गोंद सांडला, तर धाग्यांच्या प्रचंड पृष्ठभागावर तो सगळीकडे एकदम घट्ट होतो आणि त्या क्रियेतली सगळी उष्णताही एकदमच बाहेर पडते. मांडीवरच्या सुती पँटवर बाटली कलंडली की क्षणभर नुसता ओला डाग दिसतो, मग त्यातून धुराची बारीक रेघ उठते, आणि कापड दूर करावे म्हणेपर्यंत ते तापून कातडीला डकलेले असते. त्या जागी सरळ थंड पाणी ओतावे आणि भाजल्यावर करतात त्याप्रमाणे वीसेक मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. कापड चिकटले असेल तर ओढू नये, डॉक्टरांकडे जावे. याच कारणासाठी सांडलेला गोंद कापसाने किंवा कागदी रुमालाने टिपू नये आणि सुती हातमोजे घालून काम करू नये. नायट्रिलचे हातमोजे चालतात. गोंद लवकर घट्ट करणारे फवारे आणि खाण्याचा सोडा यांनीही उष्णता एकाएकी वाढते, त्यामुळे बोटावर ओला थेंब असताना त्यावर फवारा मारणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला चटका देणे आहे.

डोळ्याच्या बाबतीत घरगुती उपायांना जागाच नाही. बाटलीचे तोंड बंद झाले म्हणून ती चेहऱ्यासमोर धरून जोरात दाबली, की तोंडातला अडथळा सुटतो आणि चिळकांडी थेट डोळ्यावर येते. त्यावर भरपूर कोमट पाणी सोडावे, पापण्या बळेच उघडू नयेत, ओलसर स्वच्छ गॉजने डोळा झाकावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पापण्या काही दिवसांत आपोआप सुटतात हे खरे असले, तरी गोंदाचा कडक कण बुबुळावर घासत राहिला तर तिथे ओरखडा पडतो. ओठ चिकटले तर बाहेरून कोमट पाणी लावावे, आतून लाळेने ओले करत राहावे आणि ओठ ओढण्याऐवजी सावकाश लाटत सोडवावेत. बाटलीचे झाकण दातांनी उघडण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी.

नमुन्याच्या जोडाभोवती दुसऱ्या दिवशी जी पांढरी झाक दिसते, ती या गोंदाची वाफच आहे. हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन ती पृष्ठभागावर बसते. याच गुणाचा उपयोग करून गुन्ह्याच्या तपासात बोटांचे अदृश्य ठसे दिसते केले जातात. जी वाफ नमुन्यावर बसते, तीच कामावर वाकलेल्या माणसाच्या नाकाडोळ्यांत जाते, आणि बंद खोलीत तासन्‌तास काम करणाऱ्यांपैकी काहींना तिच्यामुळे दमा किंवा त्वचेची ॲलर्जी जडते. खिडकी उघडी ठेवावी, पंख्याने हवा चेहऱ्यापासून दूर जाईल असे बसावे. धूळ रोखणाऱ्या साध्या मास्कने ही वाफ अडत नाही.

काम करताना बोट कापले की त्यावरही हाच गोंद लावणारे छांदिष्ट आहेत, आणि शस्त्रक्रियेत तो वापरतात असा दाखला ते देतात. रुग्णालयात वापरतात तो वेगळा, ऑक्टिल किंवा ब्युटिल प्रकारचा निर्जंतुक गोंद असतो. त्यातल्या ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. टेबलावरची बाटली बहुतेक वेळा इथिल प्रकाराची असते. तो उघड्या जखमेत लवकर विघटित होतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड निघते आणि जखमेभोवतीच्या पेशींना इजा होते.

छंदवर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी पहिला थेंब लावण्याआधी या गोष्टी, निदान कपड्याची आणि डोळ्याची, शिकणाऱ्यांना सांगाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उत्पादकांकडे मागणी आणखी स्पष्ट आहे. सूचना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत आणि ग्राहकाच्या भाषेत छापाव्यात, आणि बाटलीचा आकार डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीशी मिळताजुळता ठेवू नये. औषध समजून गोंदच डोळ्यात घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. आकार बदलेपर्यंत घराघरांत या दोन बाटल्या एकाच खणात ठेवल्या जाऊ नयेत.

आपला,
नमुने घडवण्याचा छंद असलेला एक वाचक