खोका क्रमांक ५२

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना नीट लिहिलाय, तेव्हा लाल पेन खाली ठेवा. आणि आई, पत्र आलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. सगळे धडधाकट आहेत. दर रविवारी फोन होतो, मग पत्राचा घाट कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. बाबा दोन मिनिटांत "बरं, आईकडे देतो" म्हणतात, तू मुलांच्या खोकल्यापासून सुरुवात करतेस आणि फोन ठेवता ठेवता मागून बाबांचा आवाज येतो, "मुलं रुळली का गं?" मी "हो हो, रुळली" म्हणून मोकळी होते. सहा महिन्यांत हे उत्तर वीस-पंचवीस वेळा तरी दिलं असेल. त्यात खरं किती होतं, ते आज लिहायला बसले आहे.

आधी सामानाची कथा, कारण ती अर्धवट सांगून मी तुम्हाला हसवलं होतं आणि पुढचं गिळलं होतं. निघताना धाकट्याने सगळ्या खोक्यांवर १ ते ६४ आकडे घातले आणि कुठल्या खोक्यात काय आहे याची एका वहीत सुरेख यादी केली. तेरा वर्षांच्या पोराची ती शिस्त पाहून मला बाबांचीच आठवण झाली. ट्रक नऊ दिवसांनी पोचला. सगळे खोके भिंतीला लागले, मी ऐटीत म्हटलं, "आण तुझी वही." त्याचा चेहरा पडला. वही खोका क्रमांक ३७ मध्ये होती. शिवाय ३७ मध्ये आहे हेही त्याला वहीत बघूनच सांगता आलं असतं! तिसऱ्या दिवशी ती सापडली आणि मग कळलं की खोका ५२ आलेलाच नाही. वाहतूकवाले म्हणतात, चौसष्टच्या चौसष्ट उतरवले, तुमची सही आहे. सही माझी आहे खरी. त्या दिवशी मी आणखी कशाकशावर सह्या केल्या, देव जाणे.

यादीत ५२ समोर लिहिलंय, "पडदे, हातोडी, इतर महत्त्वाचं." हे 'इतर महत्त्वाचं' म्हणजे काय, ते चौघांपैकी कुणालाही आठवत नाही. घरात काही मिळालं नाही की आता एकच उत्तर असतं, ५२ मध्ये असेल. तुमच्या जावयांनी परवा चष्मा शोधतानाही तेच म्हटलं. चष्मा कपाळावर होता.

पडदे नसल्याचा फटका पहिल्याच पहाटे बसला. उन्हाळा होता, साडेचारला खोलीत लख्ख उजेड! मला वाटलं दिवा चालू राहिला. आपण देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आलो, हे मला नकाशात दिसत होतं, अंगाला त्या पहाटे कळलं. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य काही घड्याळ बघून उगवत नाही. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते आणि आम्ही साधारण १८ अंश पूर्वेला आलोय, म्हणजे ७२ मिनिटं. उत्तर-दक्षिण फरकाने आणि ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब ढोबळमानाने तोच. हा हिशेब मला धाकट्याने शिकवला. मी भूगोलात हे पाठ केलं होतं, समजलं मात्र आत्ता.

थोरलीला पहाटेचा उजेड हा जाणूनबुजून केलेला छळ वाटला. तिने खिडकीवर चादर टांगली. हातोडी ५२ मध्ये, म्हणून खिळे दगडाने ठोकले, त्यातला एक वाकडा आहे तो आहेच. ती रात्री साडेबारापर्यंत जागी, शाळा साडेसातला, रोज सकाळी रणांगण. एक दिवस मी बाबांचा जुना हुकमी उपाय केला, पंखा बंद. ती शांतपणे उठली आणि संध्याकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवला. वयात येताना मेंदूतून रात्रीचं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ झाली असं सांगणारं संप्रेरक, एक-दोन तास उशिरा सुटू लागतं, त्यामुळे झोपही उशिरा येते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. खाली लाल अक्षरांत, "आजोबांना पाठव. हा आळस नाही."

तेव्हा बाबा, हे तिच्यातर्फे तुम्हाला पोचतं केलं. माझ्यातर्फे एवढंच की सोळाव्या वर्षी तुम्ही माझे किती पंखे बंद केलेत याचा हिशेब मीही मांडू शकते. (तिला मी हेही सांगितलं की रात्री डोळ्यांपुढे फोन धरला की झोप आणखी पुढे जाते. त्या ओळीचा कागद फ्रिजवर लागला नाही.)

मग पाण्याचं महाभारत. शाळेच्या पहिल्याच दिवशी थोरलीचे केस धुतल्यावर काथ्यासारखे झाले. साबण फेसच देईना, उलट अंगावर पांढरट चिकट थर राहायचा. "मी अशी शाळेत जाणार नाही," म्हणून न्हाणीघराला आतून कडी. मी दाराबाहेर, तुमचे जावई माझ्या मागे, आणि धाकटा बादलीशी वाकून, "पाणी जड आहे बहुतेक." त्याने दोन बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत पावसाचं धरून ठेवलेलं. दोन्हींत साबणाचे तेवढेच थेंब टाकून हलवल्या. पावसाच्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस, नळाच्या पाण्यात दह्यासारखी साय. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरून बसतात, फेस व्हायला साबण उरतच नाही. पाणी उकळायच्या किटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर त्याने व्हिनेगर घालून बुडबुड्यांसकट सोडवला आणि तो प्रयोग दाराच्या फटीतून बहिणीला दाखवला. तिने कडी काढली. त्या दिवसापासून केस धुण्यासाठी पावसाचं पाणी राखीव असतं आणि त्या बादलीला कुणी हात लावला तर घरात दंगल होते.

धाकट्याचं बाकी सोपं गेलं. इथली भाषा त्याने खेळाच्या मैदानावर उचलली. आधी शिव्या, मग अंक, मग "माझी पाळी." पहिल्या भागाबद्दल त्याला बोलणी बसली, पण खरं सांगू, कुणीतरी आपल्याला शिवी देण्याइतकं जवळचं मानलं याचा त्याला झालेला आनंद पाहून मला रागावणं जमेना. मी अजून हातवारे करते. शेजारच्या आजींना "बसा" म्हणायचं होतं, मी काय म्हटलं कोण जाणे, त्या उठून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र हसत परत आल्या.

आता जे सांगायला बसले, ते.

तीन आठवड्यांपूर्वी मी आणि थोरली पडद्यांचं कापड आणायला निघालो. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं राहून चुकीच्या दिशेची बस पकडली. नऊ थांबे गेल्यावर घरं विरळ झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्याकडे पाहिलं तर ती निवांत. म्हणाली, "मला दुसऱ्याच थांब्याला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती दिवसांनी फोन न बघता माझ्या शेजारी बसली होतीस."

शेवटच्या थांब्यावर चालकाने इंजिन बंद केलं. पुढची फेरी चाळीस मिनिटांनी. रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघी, दोघींची तोंडं समोरच्या काचेकडे. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर ती एक अक्षर बोलली नसती, एवढं मला आता कळतं. तिथे ती आपणहून बोलली. मधल्या सुट्टीत ती वाचनालयात बसते, एकटी. चौथ्या फळीवरची पुस्तकं तिला क्रमाने पाठ झालीत. "पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, कुठून आलीस, कशी आलीस. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे प्रश्न संपले." जुन्या मैत्रिणींशी रोज बोलणं होतं, पण आता त्या ज्यावर हसतात ते घडलं तेव्हा ही तिथे नव्हती. "विनोद कळतो गं. पण समजून घेऊन हसावं लागतं."

मी म्हटलं, अगं पण मी रोज विचारते ना, आजचा दिवस कसा गेला? ती म्हणाली, "विचारतेस. पण तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर उत्तर आधीच असतं. तुला 'छान' हवं असतं, म्हणून मी 'छान' म्हणते."

त्यावर मला काही सुचलं नाही. चालक खाली उतरून झाडाखाली आडवा झाला होता. मी त्याच्याकडे बघत बसले.

बाबा, मी नववीत असताना तुमची बदली झाली होती. तुम्ही रोज रात्री पानावर बसलात की विचारायचात, "काय, कशी आहे नवी शाळा?" आणि मी म्हणायची, "छान." वर्षभर म्हणाले. संध्याकाळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडायचे, हे तुम्हाला कधी कळलं का? आईला कळलं असावं असं मला आता वाटतं. कारण दोरीवर वाळत घालायला एकही कपडा नसला तरी ती रिकामी बादली घेऊन गच्चीवर यायची, चिमटे मोजायची आणि काही न विचारता खाली जायची. आई, ते चिमटे किती होते गं?

मी तुमच्यावर रागावून लिहीत नाहीये. तुम्हाला 'छान' का हवं होतं ते आता मला पुरतं समजतं. जागा आपण बदलायची आणि झळ पोरांना, हे ज्याच्या मनाला रोज टोचतं त्याला रात्री झोप लागण्यापुरतं तरी एक 'छान' लागतं. मीही गेले सहा महिने तेच मागत होते. आणि रविवारी तुम्ही विचारलंत की तेच तुम्हाला देत होते. 'रुळली का' म्हणताना बाबांना 'हो' हवं असतं, हे मला आवाजावरून ओळखता येतं. चाळीस मिनिटांनी बस परत फिरली. कापडाचं दुकान बंद झालं होतं. चादर अजून खिडकीवर आहे.

तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही दोघी मिळेल ती बस पकडतो आणि टोकापर्यंत जाऊन येतो. कधी ती बोलते, कधी सगळा रस्ता गप्प. गेल्या रविवारी एवढंच कळलं की वाचनालयात पलीकडच्या टेबलावर आणखी एक मुलगी असते. दोन आठवड्यांत दोघींची मिळून तीन वाक्यं झाली आहेत. मी "मैत्रीण" म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आई, थांब. ओळखीची. एवढंच म्हण."

तेव्हा ओळखीची एक झाली आहे.

माझंही सांगते. संध्याकाळ मला अजून सोसत नाही. हल्ली इथे पाचच्या आत अंधार होतो. तुम्ही व्हिडिओवर येता तेव्हा मी दिवा लावून बसलेली असते आणि आईच्या मागच्या खिडकीत ऊन असतं. बोलणं चालू असतं, पण माझं लक्ष त्या उन्हाकडे असतं. म्हणून आई, तू "अगं ऐकतेस ना" म्हणतेस तेव्हा चिडू नकोस.

पुढच्या रविवारी 'रुळली का' विचारू नका. खोका ५२ सापडला का, ते विचारा. त्याचं उत्तर मला खरं देता येईल.

तुमची लेक

ता. क. आजोबा, हे मी लिहितोय. तुमच्या गच्चीत एक सरळ काठी उभी करा, ओळंब्याने तपासून. सर्वात छोटी सावली कधी पडते ते बघायचं, पण नेमकी वेळ सापडत नाही, कारण तेव्हा सावली फार हळू बदलते. माझा पहिला प्रयोग त्यामुळेच फसला. म्हणून सकाळी अकराला सावलीच्या टोकाशी खूण करा, काठीपासून तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढा आणि दुपारी सावली परत त्या वर्तुळाला कधी टेकते ते लिहा. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमची खरी दुपार. इथे ती साडेअकराच्या आसपास येते, तुमच्याकडे पाऊण वाजायच्या थोडी आधी यायला हवी. दोघांनी एकाच दिवशी करायचं, कारण खरी दुपार वर्षभर थोडी मागेपुढे सरकते. फरकाच्या मिनिटांना चारने भागलं की आपल्यामध्ये किती अंश आहेत ते कळेल. येता रविवार चालेल? आजीला वेळ लिहायला बसवा, तुम्ही सावली बघा. ढग असतील तर फोन करा.