अंदमानातल्या अनोळखी माणसांचे आभार

नागपूरहून एकट्यानेच सॅक पाठीवर टाकून लिटल अंदमान, लाँग आयलंड अशा आडबाजूच्या बेटांवर जाणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून, ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा तिथल्या माणसांचे मनापासून आभार.

आधी त्या काकांचे, ज्यांनी अंगणात झोळणा (दोन झाडांमध्ये टांगायचा हॅमॉक) बांधायला नारळ सोडून दुसरं झाड दाखवलं. नारळाची वाळकी झावळीसुद्धा डोकं फोडते. पट्टा किमान 1 इंच रुंद हवा, बारीक दोरी साल कापते. तो आडव्या रेषेपासून साधारण 30 अंशांवर ठेवायचा आणि झोळणा सैल सोडायचा. ताठ ओढला की पट्ट्यावर अन् गाठींवर भार कितीतरी वाढतो, आणि नेमका रात्री सुटतो.

तिथे सूर्य आपल्यापेक्षा बराच आधी मावळतो, डिसेंबरात पाचच्या सुमारास. म्हणून आंघोळ, कपडे, हेडलॅम्प सगळं चारलाच उरकायला लावणाऱ्या मावशींचे आभार. वैदर्भीय उन्हात तासात वाळणारे मोजे त्या दमट हवेत रात्रभर ओलेच राहतात. कोरडा जोड वेगळ्या पिशवीत हवाच. तिन्हीसांजेला वाळूमाश्या चावतात, तेव्हा पायघोळ पायजमा.

खाडीच्या तोंडाशी पाण्यात पाय सोडून बसणाऱ्यांना हाक मारून उठवणारे नावाडी, तुमचे तर विशेष आभार. तिथे खाऱ्या पाण्यातली मगर असते.

आणि त्या सिस्टर! प्रवाळाने खरचटलेल्या जखमेत बारीक कण राहतात, म्हणूनच ती चिघळते. स्वच्छ पाणी, साबण, कण निघेपर्यंत हळूहळू धुणं, मगच मलम. हे तुम्ही न कंटाळता प्रत्येकाला शिकवता.