दस्त फाडला म्हणून हक्क परत मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवर बेतलेला एक मराठी कौटुंबिक चित्रपट अलीकडेच सांगलीत पाहिला. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण कोणाच्या पोटावर पाय देण्याची इच्छा नाही आणि माझी तक्रार त्या एका चित्रपटापुरती आहे असेही नाही. कलावंतांनी जीव ओतून उभा केलेला प्रश्न पटकथेने शेवटच्या अर्ध्या तासात वाऱ्यावर सोडला, एवढेच सांगायचे आहे.

कथा हळद पिकवणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाची आहे. वडील गेल्यावर भाऊ थोरल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करून घेतो. असा प्रसंग आपल्या जिल्ह्यात गावोगावी घडत असतो. माझे आयुष्य दस्तलेखनाच्या कामात गेले असल्याने पडद्यावर दुय्यम निबंधक कार्यालय दिसताच मी सावरून बसलो, कारण तिथे हटकून काहीतरी चुकते. इथे चुकले नाही. आदल्या दिवशी भावाने घेतलेली साडी नेसून ती बाई बाकावर बसली आहे आणि पदराला चिकटून राहिलेली किमतीची चिठ्ठी नंबर येईपर्यंत नखाने खरवडते आहे. कारकून ‘ताई, कॅमेऱ्याकडे बघा’ म्हणतो तेव्हा ती आधी भावाकडे बघते आणि त्याने मान हलवल्यावरच कॅमेऱ्याकडे वळते. मग यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. ती तो पदराला पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा पुसते. शेतात राबणाऱ्या बायकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात आणि त्यांना असे खोळंबावे लागते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे; पडद्यावर मात्र प्रथमच पाहिले. या अभिनेत्रीने त्या खोळंब्यात एक शब्दही न बोलता जे दाखवले, त्याला तोड नाही.

आईचे काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचेही तेच. ती बाहेर गाडीत बसून राहते आणि लेक परत आल्यावर ‘चहा घेतलासा का?’ एवढेच विचारते. भावाला तर खलनायक केलेलेच नाही. सोसायटीचे कर्ज, पडलेला हळदीचा भाव आणि मुलीचे लग्न यांच्या कात्रीत सापडलेला हा माणूस आपण काही वावगे करतो आहोत हे स्वतःशीही कबूल करत नाही. मध्यंतरापर्यंत चित्रपट असा बांधलेला आहे की, आता ही बाई काय करणार, हा प्रश्न घेऊनच प्रेक्षक बाहेर येतो.

तो प्रश्न पोकळ नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, मात्र आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला आणि त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जन्मापासूनचाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. एवढे असूनही बहिणी सही करतात, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटते. खरे नाट्य आहे ते इथे, आणि या संचातले कलावंत ते सहज पेलू शकले असते.

पटकथाकाराने मात्र भावाचा ट्रॅक्टर उलटवला. पुढचे सांगायला नकोच: इस्पितळ, बहिणीने मोडलेले दागिने, बासरी, उसावरून फिरणारा ड्रोन आणि शेवटी भर पावसात भावाने टराटरा फाडलेले हक्कसोडपत्र. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. वास्तविक नोंदणी झालेला दस्त फाडून रद्द होत नाही. कार्यालयात त्याची नोंद राहते, सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, तो दिसतो आणि अर्ज केल्यास नक्कलही मिळते. भावाला हिस्सा खरोखर परत द्यायचा असेल तर नव्याने दस्त करून त्याची नोंदणी करावी लागते, त्यावरून फेरफार, म्हणजे तलाठ्याकडे हक्क बदलल्याची नोंद, धरावा लागतो आणि मग कुठे सातबारावर बहिणीचे नाव चढते. फसवणूक झाली असेल तर तिला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. अंगठ्याच्या रेषांपर्यंत बारकाईने पाहणाऱ्या मंडळींना हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

कायद्याची ही चूक एक वेळ पोटात घालता येईल. पण बाईने करायचा निर्णय भावाच्या भलेपणावर सोपवून तिला केवळ रडायला उरवले, ते कसे चालवून घ्यावे? ज्या अभिनेत्रीने नखाने चिठ्ठी खरवडून एवढे सांगितले, तिच्या वाट्याला शेवटी हुंदक्यांखेरीज काही येत नाही.

सांगलीकरांची अपेक्षा फार मोठी आहे, असे कोणी म्हणू नये. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले. त्यातही शारदेचे म्हाताऱ्याशी ठरलेले विजोड लग्न वधू-वर एकाच गोत्राचे निघाल्याने मोडते, म्हणजे पळवाट देवलांनीही काढलीच, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. तरी पैशासाठी पोटची पोर जख्ख म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप त्यामुळे प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. इथे भावाला अपघात घडवून सोडवून घेतले आहे.

परीक्षणांमध्ये अशा चित्रपटांची ‘अभिनयासाठी पाहावा’ अशी शिफारस केली जाते. त्या शिफारशीवरूनच मी गेलो होतो. अभिनय खरोखर उत्तम असताना कथेने कुठे अंग काढून घेतले, हेही परीक्षकांनी लिहावे, अशी विनंती आहे. ही बाई कार्यालयातून सही न करता उठली असती, किंवा सही करून पुढच्या दिवाळीला माहेरी गेलीच नसती, तरी चित्रपट पूर्ण झाला असता. त्यासाठी ना ट्रॅक्टर उलटवावा लागला असता ना पाऊस पाडावा लागला असता.

कळावे,
आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली