सुरमईच्या अंगावरची रेघ

प्रिय मनू,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. परवा म्हणालीस ना की नर्व्हस सिस्टिम नुसती घोकतेय, डोक्यात काही शिरत नाही, तर काल सुरमई साफ करताना तुझीच आठवण आली. तिच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते बघ, मागे गेल्यावर एकदम खाली वळणारी, इतकी वर्षं मला ती नक्षीच वाटायची. तर ते माशाचं इंद्रिय आहे, पार्श्वरेषा. आत बारीक नळी आणि जेलीची टोपी घातलेल्या केसपेशी, पाणी हललं की टोपी कलते, केस वाकतात, पेशीची दारं उघडून विद्युतभार असलेले कण आत घुसतात आणि मज्जातंतूवरून मेंदूला निरोप. गढूळ पाण्यातपण जवळ कोण आलं ते माशाला कळतं ते असं.

आणि तसल्याच केसपेशी आपल्या कानात! माझी गेल्या वर्षीची चक्कर आठवते ना, कूस बदलली की घर गरगर फिरायचं? एका डॉक्टरने महिनाभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मी उगाच चहा सोडून बसले. मग दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पलंगावर मान वळवून आडवं केलं आणि माझे डोळेच बघत बसल्या, बुबुळं आपोआप झटके मारत होती. कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत घुसलेले. डोकं थांबलं तरी कण घरंगळतात, केस वाकतात, मेंदूला वाटतं डोकं अजून फिरतंय म्हणून तो डोळे उलट्या बाजूला ओढतो. बाईंनी मान ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागेवर पाठवले, पाच-दहा मिनिटांचं काम. (ढोम्याच्या डोक्यातले पांढरे खडे तू काडेपेटीत जमवायचीस ना, ते माशाचे याच कामाचे.)

फक्त माशाच्या केसपेशी मेल्या तर नव्या येतात, आपल्या ऐकण्याच्या गेल्या की गेल्या, एका कानात जेमतेम 15-16 हजार. म्हणून तू इअरफोनवर मोठ्याने गाणी लावलीस की मी ओरडते, बाबांना वाटतं मला तुझी गाणीच आवडत नाहीत. (तीपण नाहीच आवडत.)

चार तुकड्या फ्रीजरमध्ये ठेवल्यात, शनिवारी येतेस का ते कळव.

आई